बाटलीवरच्या आकड्याचा हिशेब

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी देवळीत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर साबुदाण्याच्या गोळ्यांची एखादी लहानशी बाटली अजून पडलेली असेल. कोरोनाच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, ती अनेक गावांत ग्रामपंचायतीमार्फत वाटली गेली. वर लिहिले होते 'आर्सेनिकम अल्बम ३०'. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्या वर्षी जानेवारीतच हे औषध सुचवले होते. तीन दिवस, उपाशीपोटी. कोणी श्रद्धेने घेतले, कोणी शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतले. तेव्हा कोणीतरी पारावर सांगितले की आर्सेनिक म्हणजे सोमल, आणि मग काही घरांत बाटल्या तशाच राहिल्या. पण त्या बाटलीवरचा '३०' हा आकडा म्हणजे नेमके काय, हे विचारणारा हजारात एखादाच निघाला असेल.

हा विषय आज घेण्याचे कारण बेलवलीहून आलेले एका भगिनीचे पत्र. बदलापूर आता शहर झाले, बेलवलीही नगरपालिकेत गेली, तरी या बाईंच्या घरी अजून भाताचा तुकडा आहे आणि दारात दोन जांभळी आहेत. त्या लिहितात : "मामंजींना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यापासून ते जांभळाच्या बियांचे होमिओपॅथीचे थेंब घेतात आणि दवाखान्याच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या आहेत. घरात आता तीन बाटल्या आहेत. एकीवर क्यू लिहिले आहे, एकीवर ६ एक्स आणि एकीवर ३०. मामंजी म्हणतात ३० सर्वांत जोरदार. खरे का? आणि दारात एवढी जांभळे असताना हा अर्क घरीच करता येईल का?"

मामंजींच्या गोळ्यांबद्दल आधी बोलतो, कारण तिथे उशीर नको. ताई, हा अंक हातात पडेल त्या दिवशीच त्यांची साखर तपासून घ्या आणि त्यांना गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवा. थेंब घ्यायचे की नाहीत हा वाद नंतर करता येईल. गोळ्या आपल्या मनाने बंद ठेवता येणार नाहीत. त्या का, ते आता हिशेबाने पाहू.

हा हिशेब शेतकऱ्याला नवा नाही. औषधाच्या डब्यावर 'लिटरला २ मिलि' असे लिहिलेले असते. पंप १५ लिटरचा, म्हणून आपण ३० मिलि घालतो. आता समजा, त्या फवाऱ्यातले एक लिटर काढले, त्यात नऊ लिटर साधे पाणी ओतले आणि ढवळले. औषध दहापट पातळ झाले. त्यातले पुन्हा एक लिटर घेऊन पुन्हा नऊ लिटर पाणी घातले, तर शंभरपट. आणखी एकदा केले तर हजारपट. दर खेपेस एक शून्य वाढते. होमिओपॅथीत 'एक्स' म्हणतात ते हेच. एक भाग औषध, नऊ भाग स्पिरिट किंवा दुधातली साखर. 'सी' असेल तेव्हा एक भाग औषधाला नव्व्याण्णव भाग, म्हणजे दर खेपेस दोन शून्ये. आकडा सांगतो ही क्रिया किती वेळा केली ते. बाटलीवर आकड्यापुढे अक्षरच नसेल तर आपल्याकडे तो 'सी' समजायचा. म्हणून लक्षात ठेवायला सोपे : एक्सला आकड्याइतकी शून्ये, सीला आकड्याच्या दुप्पट. ६ एक्स म्हणजे सहा शून्ये, दहा लाखांत एक भाग. ३ सी म्हणजेही सहाच शून्ये. आणि ३० म्हणजे एकावर साठ शून्ये.

क्यू ही खूण मूळ अर्काची. त्याला दुकानात मदर टिंक्चर म्हणतात. वनस्पती कुटून ठरलेल्या ताकदीच्या अल्कोहोलमध्ये मुरवतात आणि अर्क झिरपून घेतात. आपल्या देशात या औषधांची सरकारी संहिता आहे, तिचा पहिला खंड १९७१ साली निघाला. तिच्या रीतीने बहुतेक वनस्पतींचा मूळ अर्क एकास दहा या प्रमाणाचा असतो, म्हणजे एक ग्रॅम सुक्या मालापासून दहा मिलि अर्क. इथे एक बारकावा आहे आणि तिथे शिकणारी मुलेही अडखळतात. अर्क मुळातच दशमांश असल्यामुळे तोच १ एक्स झाला. २ एक्स करायला त्याचा एक भाग आणि स्पिरिट नऊ भाग. पण १ सी करायला एकास नव्व्याण्णव घेऊन चालत नाही. तिथे अर्क दहा भाग आणि स्पिरिट नव्वद भाग घ्यावे लागते, कारण दहा भाग अर्कात औषध एकच भाग आहे. त्यापुढे मात्र दर पायरीला एकास नव्व्याण्णव. दुधात आधीच पाणी असेल तर वरून किती घालायचे याचा जो हिशेब, तोच हा.

मीठ, सोने, शिंपला, गंधक असल्या वस्तू, ज्या स्पिरिटात विरघळत नाहीत किंवा नीट विरघळत नाहीत, त्या खलात दुधातल्या साखरेबरोबर घोटतात. जुनी रीत अशी की साखरेचे तीन वाटे करायचे, एकेक वाटा घालून वीस वीस मिनिटे घोटायचे आणि मधून मधून खल खरवडायचा. एका पायरीला पुरता एक तास. पातळ औषधाला दर पायरीला बाटली तळहातावर किंवा चामडी पुस्तकावर आपटून ठोके देतात, साधारण दहा. ही सारी पद्धत बसवली ती जर्मनीच्या सॅम्युएल हानेमान या डॉक्टराने. त्याचा जन्म १७५५चा, मृत्यू १८४३चा. हिवतापावर देत असलेली सिंकोनाची साल त्याने १७९० साली स्वतः खाऊन पाहिली आणि तिथून त्याचा विचार सुरू झाला. त्याच्या काळी डॉक्टर रोग्याच्या शिरा फोडून रक्त काढत, पारा पाजत. त्या मानाने पातळ औषध देणारा हा माणूस रोग्यांना देवासारखा वाटला असल्यास नवल नाही. पारा न मिळालेला रोगी पारा मिळालेल्यापेक्षा बरा राहणारच.

आता शून्ये वाढत गेली की काय होते ते डोळ्यांपुढे आणू. एका थेंबापासून निघा. वीस थेंबांचा एक मिलि धरू. १ सी ला तो थेंब चहाच्या एका चमच्यात. २ सी ला अर्ध्या लिटरात. ३ सी ला पन्नास लिटरांत, म्हणजे तीनेक हंडे. ४ सी ला पाच हजार लिटरांच्या टँकरमध्ये. ५ सी ला पाच लाख लिटरांत, एक लहान शेततळे. ६ सी ला तशी शंभर शेततळी. आणि ८ सी ला? बदलापूरकरांना बारवी धरण माहीत आहे. उंची वाढवल्यानंतर त्यात सुमारे ३४ कोटी घनमीटर पाणी मावते. असे दीड बारवी भरून घ्या आणि त्यात एक थेंब टाका. ९ सी ला उजनीसारखी पंधरा धरणे लागतील. १३ सी ला पृथ्वीवरचे सगळे समुद्र जवळजवळ चौपट करावे लागतील. अजून आपण ३०च्या निम्म्यावरही आलेलो नाही.

कोणी म्हणेल, मग कारखानदार एवढे स्पिरिट आणतात कुठून? त्यांना ते लागतच नाही. दर पायरीला ते एकच थेंब पुढे नेतात आणि बाकीचे बाजूला ठेवतात. तीस लहान बाटल्या आणि सारे मिळून दीडशे मिलि स्पिरिट, एवढ्यावर ३०ची पायरी गाठता येते. पातळपणा मात्र समुद्राचाच.

आपल्या लीलावतीकार भास्कराचार्यांनी एकं, दहं, शतंपासून मोजत परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ९ सी ला अठरा होतात, परार्ध मागे पडतो. पुढच्या संख्यांना आपल्याला नावेही शिकवलेली नाहीत.

पण नुसते मोठे आकडे सांगून भागत नाही. शेतकरी लगेच विचारील, थोडक्या औषधाने काम होत नाही असे कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार जीए वापरतात, ते दहा पीपीएमला शंभर लिटरांत एक ग्रॅम. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक, आपल्या हिशेबाने ६ एक्स. एवढ्याशा जीएने मणी लांबतात हे कोणीही बागेत जाऊन पाहावे. तेव्हा थोडे म्हणजे निरुपयोगी, असे म्हणता येत नाही. अडचण थोडेपणाची नाही, अडचण वस्तू संपण्याची आहे.

कारण वस्तू अमर्याद चिरता येत नाही. मीठ घ्या. 'नॅट्रम म्यूर' हे भारदस्त नाव असलेले औषध म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले मीठच. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठात, म्हणजे लहान मूठभर मिठात, मिठाचे किती सूक्ष्म कण असतात ते शास्त्रज्ञांनी मोजले आहे. सहावर तेवीस शून्ये. संख्या प्रचंड आहे, पण तिला अंत आहे. १२ सी ला आपण एकावर चोवीस शून्ये इतके पातळ केले, तेव्हा शंभर ग्रॅम औषधात सरासरी मिठाचा एक कण उरतो. तिथे कण संपले. त्यापुढे जे होते ते स्पिरिटात स्पिरिट मिसळणे. ३०च्या औषधात एक कण सापडावा असे म्हणाल तर पन्नास हजार सूर्यांच्या वजनाइतके औषध घ्यावे लागेल. उलट त्या स्पिरिटात आणि साखरेत वाटेत मिसळलेले साधे मीठच याहून कितीतरी अधिक असते.

होमिओपॅथीचे डॉक्टर हा हिशेब नाकारत नाहीत. ते म्हणतात, घोटण्याने आणि ठोक्यांनी औषधाची शक्ती द्रवात उतरते, वस्तूची गरज राहत नाही. म्हणून ते 'पोटेन्सी' म्हणजे शक्ती हा शब्द वापरतात आणि म्हणून मामंजींना ३० जोरदार वाटते. अशी शक्ती उतरते का हे तपासायचा मार्ग एकच. काही रोग्यांना औषध, काहींना तशाच दिसणाऱ्या कोऱ्या गोळ्या, आणि कोणाला काय दिले हे शेवटपर्यंत झाकलेले. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने अशा चाचण्या गोळा करून पाहिल्या आणि २०१५ साली निष्कर्ष दिला की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारात मिळत नाही. मग गुण येतो तो? सर्दी आठवड्यात जातेच, अंगदुखी चढते तशी उतरते, आणि अर्धा तास बसवून घरची, झोपेची, मनाची विचारपूस करणारा डॉक्टर मिळाला की निम्मे दुखणे हलके होते. ही विचारपूस मी कमी लेखत नाही. सरकारी दवाखान्यात तिला कोणाकडे वेळ नसतो, ही खरीच उणीव आहे.

तर २०२०च्या त्या बाटलीचे उत्तर एव्हाना तुमचे तुम्हालाच मिळाले असेल. त्यात सोमल नव्हता, म्हणून ती घेऊन कोणाला विषबाधा होणार नव्हती. आणि त्यात काहीच नव्हते, म्हणून तिच्या भरवशावर मास्क काढणे धोक्याचे होते. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबातून निघतात.

बाराक्षाराच्या गोळ्यांचे जरा वेगळे आहे. त्या बहुधा ३ एक्स किंवा ६ एक्स असतात, त्यांत वस्तू असते. प्रश्न किती, एवढाच. घरोघरी अशक्त मुलींना, बाळंतिणींना 'फेरम फॉस ६ एक्स' देतात, लोह म्हणून. गोळी शंभर मिलिग्रॅमची धरली तर तिच्यात लोहाचा क्षार मिलिग्रॅमचा दहाहजारावा भाग आला. आशाताई गरोदर बाईला जी लोहाची गोळी फुकट देते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. भागून पाहा. त्या एका गोळीची बरोबरी करायला फेरम फॉसच्या सहा लाखांहून अधिक गोळ्या लागतील. आणि आपल्या बायाबापड्या काय करतात? सरकारी गोळीने शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून ती चुलीमागे ठेवतात आणि गोड गोळी चघळतात. बाळंतपणात रक्त गेले की मग हा हिशेब भरावा लागतो, आणि तो माहेरच्यांना आणि सासरच्यांना मिळून भरावा लागतो. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या, पण घ्या.

आता जांभूळ. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा बेलवलीच्या माणसाला जांभळावर विश्वास असणे साहजिक आहे. जांभळाच्या बीचे होमिओपॅथीतले नाव 'सिझिजियम जॅम्बोलॅनम'. क्यूच्या बाटलीत बीचा अर्क खरोखर असतो. किती? दहा थेंब म्हणजे अर्धा मिलि, त्यात दशमांश, म्हणजे ५० मिलिग्रॅम बीचा अर्क. दिवसातून तीनदा घेतले तर १५० मिलिग्रॅम. आपल्या आजीबाई बियांचे चूर्ण चमचाभर, तीनेक ग्रॅम देत. म्हणजे महागाची बाटली आजीच्या चमच्याचा विसावा भाग देते. ६ एक्सच्या बाटलीत त्याहूनही लाखभर पटीने कमी, आणि ३०च्या बाटलीत जांभूळ केवळ चिठ्ठीवर. मामंजींचा क्रम उलटा आहे. माल पाहाल तर क्यू पहिली, ६ एक्स दुसरी आणि ३० शेवटची. आणि पहिलीच्या मालानेही माणसाची साखर आटोक्यात राहते असा पुरावा नाही. बीच्या चूर्णाने उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेही माणसांना देऊन पाहिला, त्यात काही फरक पडला नाही.

मधुमेह दुखत नाही, ही त्याची खोड. गोळ्या बंद करून महिना गेला तरी माणूस हिंडतो फिरतो आणि म्हणतो, पाहा, थेंबांनी गुण आला. आत डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड झिजत असते. भाताच्या चिखलात पायाला काटा लागतो, कळत नाही, आणि पुढे बोटावर येते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एक रक्ततपासणी असते. तिचा आकडा मामंजींसमोर ठेवा. बाटलीवरच्या आकड्यापेक्षा तो ऐकण्यासारखा आहे. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने तर असला प्रयोग एक दिवसही करू नये. थेंब घेतच असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

आणखी एक गोष्ट, जी या हिशेबात उलटी बसते. लोक २००च्या बाटलीला भितात आणि क्यूची बाटली पोरांच्या हाती लागेल अशी ठेवतात. जपायचे ते क्यूला, १ एक्सला, २ एक्सला, ३ एक्सला. कुचला, वच्छनाग, धोतरा, बिब्बा, रुई ही सारी आपल्या रानातली आणि काष्ठौषधीच्या दुकानातली मंडळी लॅटिन नावे घेऊन होमिओपॅथीत बसली आहेत. कुचल्याचे 'नक्स व्होमिका' ३० निरुपद्रवी, पण त्याचा मूळ अर्क हे विष आहे. सोमलाचे ३ एक्सचे पाच पाच थेंब तीनदा घेतले तर दिवसात पाऊण मिलिग्रॅम सोमल पोटात जाईल. पिण्याच्या पाण्यात सरकार लिटरला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहून जास्त आर्सेनिक चालवून घेत नाही. दुकानदार 'हे नैसर्गिक आहे' म्हणाला तर त्याला धोतऱ्याची आठवण द्या.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून सर्पदंशाचेही सांगून टाकतो. नागाच्या विषापासून केलेले 'नाजा' नावाचे औषध आहे आणि दंशावर ते देणारेही आहेत. दवाखान्यातल्या प्रतिविषाचा एक मिलि नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो, आणि सुरुवातीलाच दहा कुपी, शंभर मिलि, शिरेतून देतात. विष मिलिग्रॅमने शिरते, ते मिलिग्रॅमनेच मारावे लागते. बांधावरून थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, वाटेत कुठे थांबू नका.

राहिला घरी अर्क करण्याचा प्रश्न. करू नका, ताई. बियांना कमी नाही, अडचण अल्कोहोलची आहे. औषधाचे शुद्ध अल्कोहोल परवान्याशिवाय मिळत नाही, आणि मग लोक रंगाच्या दुकानातले स्पिरिट नाहीतर हातभट्टीची आणतात. त्यात मिथेनॉल असू शकते. ते डोळे घालवते आणि जीवही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसे गेली. कारखान्याच्या बाटलीतही अल्कोहोल असतेच. बारा टक्क्यांहून जास्त असेल तर किरकोळ विक्रीची बाटली ३० मिलिहून मोठी नसावी असा नियम आहे, आणि टक्केवारी लेबलावर छापलेली असते. यकृताचे दुखणे असलेल्याने किंवा दारू सोडलेल्या माणसाने ती वाचूनच बाटली घ्यावी.

बियांचे चूर्ण हवेच असेल तर जांभळे खाऊन झाल्यावर बिया धुऊन सावलीत खडखडीत वाळवा, वरचे टरफल काढा, कुटून वस्त्रगाळ करा आणि कोरड्या बरणीत झाकून ठेवा. बुरशीचा वास आला तर टाकून द्या. आणि ते सुरू करण्याआधी मामंजींच्या डॉक्टरांना विचारा, कारण गोळ्यांच्या जोडीला साखर फार खाली गेली तर घाम सुटून भोवळ येते. तेव्हा मात्र जांभूळ नको, गुळाचा खडा लागतो.